गराजमधली सवत

डिक्लनच्या गराजचं दार वर जाताना अजून तसंच कुरकुरतं. आधी एक झटका, मग मध्येच थांबणं, मग उरलेलं सगळं एका दमात. तीस वर्षं दर रविवारी सकाळी हा आवाज मी आमच्या स्वयंपाकघरातून ऐकत आले आणि तो ऐकला की माझ्या कपाळाला आठी पडत आली. परवाही पडली. आता खरं तर पडायचं काही कारण नव्हतं. ज्यांच्यावरून पडायची, त्यांना जाऊन दोन हिवाळे झाले.

डिक्लन आमचा शेजारी. आयर्लंडचा, सुतार, आता ऐंशीला टेकलेला. घर विकून तो ॲरिझोनात, चँडलरला लेकीकडे चाललाय. शिकागोजवळच्या या शॉमबर्गची थंडी गुडघ्यांना सोसत नाही म्हणतो. अंगणात पाटी लागली, आठ दिवसांत तिच्यावर 'सोल्ड'ची पट्टीही चिकटली, आणि परवा सकाळी त्याचा फोन आला की गराज रिकामं करतोय, जरा येऊन जा, तुला एक गोष्ट द्यायची आहे आणि एक विचारायची आहे. मी डब्यात चिवडा भरला. या दोन घरांमधला डबा आजवर कधी रिकामा गेला नाही आणि रिकामा परतला नाही. मी चिवडा, शेव, दिवाळीत अनारसे पाठवायचे. परत येताना त्यात त्याच्या बागेतले बटाटे असायचे, नाहीतर त्याने स्वतः भाजलेल्या पावाचा तुकडा.

मागच्या दाराने निघाले. आमच्या आणि त्याच्या लॉनमध्ये कुंपण नाही. पूर्वी आमच्या मागच्या पायरीपासून त्याच्या गराजपर्यंत गवतात एक पायवाट होती, चांगली वीतभर रुंद, गवत मरून पांढुरकी पडलेली. ती यांच्या बुटांनी पडली होती. मी दर उन्हाळ्यात तिथे बी टाकायचे, खत घालायचे, आणि हे दर रविवारी ते तुडवत जायचे. आता तिथे मस्त गुबगुबीत गवत आलंय. या वेळी मी बीसुद्धा टाकलं नव्हतं.

स्पष्टच सांगते, मला ते गराज कधीच आवडलं नाही. तिथे माझी सवत राहायची.

सवत म्हणजे बाई नव्हे. असती तर बरं झालं असतं, निदान चार लोकांत सांगता आलं असतं. माझी सवत म्हणजे एक आयरिश बाप्या, हर्लिंग नावाचा खेळ खेळणारा. यांनी त्याला जन्मात प्रत्यक्ष पाहिलं नाही आणि त्याने तर आम्हाला ओळखायचं काही कारणच नाही. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. नवऱ्याचं नाव आमच्या पिढीत घेत नाहीत, आणि सवतीचं तर कुणीच घेत नाही. हे त्याला 'डावखुरा' म्हणायचे. तेवढं पुरे.

हर्लिंग म्हणजे काय ते मी मिरजेला बहिणीला फोनवर सांगितलं होतं, की हॉकीचं आणि विटीदांडूचं लग्न लावलं तर जे पोर होईल ते. एकेका बाजूला पंधरा जण, हातात ॲशच्या लाकडाची, खाली पसरट झालेली काठी, आणि मोसंबीएवढा कातडी चेंडू. तो मारायचा, हवेत झेलायचा, काठीवर तोलून पळायचं. दोन उंच खांबांच्या मधून, आडव्या दांडीच्या वरून गेला तर एक पॉइंट, खालून जाळ्यात गेला तर तीन. पंधरांतले सहा फॉरवर्ड, म्हणजे पुढे राहून मारणारे. हे सगळं मला कुणी शिकवलेलं नाही. चहाचा ट्रे घेऊन जाणाऱ्या बाईला बरंच काही कळतं, फक्त तिला कुणी विचारत नाही.

आणि या सगळ्याचं मूळ माझ्याच हट्टात, हे आणखी वाईट. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं आणि आमची ऋचा पोटात होती, त्यामुळे मला जाता आलं नव्हतं. तिकडून लग्नाची कॅसेट आली. आमच्या अमेरिकन व्हीसीआरमध्ये घातली तर नुसत्या तिरप्या रेषा आणि घरघर. भारतातली कॅसेट इथल्या मशीनवर चालत नाही हे मला काय माहीत. मी दोन दिवस जेवले नाही. हे इलेक्ट्रिकल इंजिनियर. कुठून तरी सगळ्या देशांच्या कॅसेट चालणारा एक धूड व्हीसीआर घेऊन आले. मी ते लग्न अकरा वेळा पाहिलं. अंतरपाट धरलेले मामा, आईच्या हातातला करा, मागे कुणाचं तरी बाळ रडतंय, आणि मंगलाष्टकांत आत्याचा चिरका आवाज सगळ्यांच्या वर. मी टीव्हीसमोर बसून अक्षता टाकल्या होत्या, नंतर गालिच्यातून तांदूळ वेचत बसले.

त्याच सुमाराला डिक्लनचा भाऊ तिकडून त्याला मॅचच्या कॅसेट पाठवायचा, आणि त्याच्याकडेही त्याच तिरप्या रेषा. शेजारच्या इंडियन इंजिनियरकडे मशीन आहे हे त्याला कळलं. एका रविवारी तपकिरी कागदात गुंडाळलेली कॅसेट घेऊन तो दारात उभा राहिला. दार मीच उघडलं. चहा मीच टाकला. बसा ना, असं मीच म्हटलं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हे. दोन आठवड्यांनी व्हीसीआर त्याच्या गराजमध्ये गेला, तात्पुरता. अमेरिकेत आल्यापासून आम्ही ज्याला ज्याला तात्पुरतं म्हटलं ते सगळं कायमचं झालं, तसाच तोही झाला.

ती पहिली कॅसेट मात्र आमच्या हॉलमध्ये लागली होती. मी ट्रे घेऊन आत आले तेव्हा एक काटकुळा पोरगा, असेल एकोणीस-वीसचा, डाव्या अंगाने पळत होता. चेंडू त्याच्या काठीवर बसला होता, नुसता बसला होता, आणि तीन आडदांड माणसं त्याच्या मागे. तो एकाच्या बगलेखालून निघाला, दुसऱ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही, आणि वळता वळता मनगटाचा एक झटका. चेंडू खांबांच्या मधून गेला तेव्हा तो पलीकडे पळत निघालाही होता. चहाच्या कपांवर साय धरली तरी मी उभीच. हे ओठांवर बोट ठेवून बसले होते. डिक्लनच्या डोळ्यांत पाणी होतं, कारण पोरगा त्याच्या गावचा, त्याच्या लहानशा काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, ज्याच्या संघाने त्या काळात कुणाला कधी हरवलं नव्हतं. मी ट्रे ठेवला आणि आत गेले.

मग सुरू झाले ते रविवार. मार्चमध्ये बर्फाचे काळे ढीग वितळून ड्राइव्हवेवरून पाणी वाहायचं, तेव्हा गराजचं दार अर्धंच उघडायचे. एप्रिलमध्ये तळ्यावरची बदकं लॉनवर यायची आणि घाण करून जायची. जूनमध्ये सगळीकडे कापलेल्या गवताचा वास, कुणाचं तरी लॉनमोअर घरघरतंय, आणि त्या घरघरीच्या वर गराजमधून दोन पुरुषांचे चढलेले आवाज. डिक्लन तिथे बसून काठ्या करायचा, शिकागोच्या दक्षिणेकडच्या आयरिश पोरांसाठी. त्यासाठी ॲशच्या झाडाचा अगदी बुंधा लागतो, जिथे लाकडाची रेघ आपणहून मुळाकडे वळते. वळण लाकडातच असावं लागतं, कापून आणलेलं टिकत नाही, असं तो म्हणायचा. रंध्याखालून सालपटांच्या गुंडाळ्या पडायच्या आणि हे त्या काठ्यांना जवसाचं तेल चोळायचे.

जवसाचं तेल. दुसऱ्या बायकांना म्हणे नवऱ्याच्या शर्टाला अत्तराचा वास येतो. माझा नवरा रविवारी दुपारी जेवायला बसला की हातांना जवसाचा वास. मला माझ्या माहेरची चटणी आठवायची, खलबत्त्यात कुटलेली, लसूण घातलेली. माझ्या माहेरचा वास त्या गराजमधून माझ्याच ताटापर्यंत यावा, हे मला अजिबात खपायचं नाही. साबणाने दोनदा धुऊन या, असं मी सांगायचे. हे मुकाट उठून धुऊन यायचे. वास जायचा नाही.

वाद एकच होता. गराजच्या मागच्या भिंतीवर डिक्लनने खडूने सहा वर्तुळं काढली होती, पुढे तीन, मागे तीन. मैदानावर सहा फॉरवर्ड उभे राहतात तशी. त्यात आजवरच्या सगळ्यांत थोर सहा फॉरवर्डांची नावं लिहायची. नियम असा, की दोघांचं एकमत झालं तरच नाव लिहायचं. पाच नावं पहिल्याच वर्षी लिहून झाली. ते पाचही जुन्या काळातले, त्यांच्याबद्दल डिक्लन सांगेल ते यांना मान्य. सहावं वर्तुळ रिकामं राहिलं. डिक्लन म्हणायचा, तिथे डावखुराच. हे म्हणायचे, नाही. तो कितीही चांगला असेल, सुरेख असेल, पण फायनल न जिंकलेला माणूस थोर कसा? डिक्लन म्हणायचा, चौदा मरतुकड्यांत एकटा उभा राहिला त्याचं काय? हे म्हणायचे, कारणं सांगणाऱ्याचं नाव भिंतीवर लिहीत नाहीत. मग टेबलावर मूठ आपटल्याचा आवाज यायचा.

ती मूठ यांची असायची, यावर माझा सुरुवातीला विश्वासच बसला नाही. हा माझा नवरा. ऑफिसात याच्या हाताखाली शिकलेला माणूस याचा बॉस झाला तेव्हा हा 'जाऊ दे' म्हणून घरी आला होता. लग्न झाल्यापासून मी याचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. आणि इथे एका परक्या देशातल्या परक्या पोरासाठी मुठी आपटतोय. ऋचाला मी हे सांगितलं तर ती म्हणायची, "आई, इट्स जस्ट अ गेम." तिला काय कळणार.

मला त्या खेळाचा राग नव्हता. माझं दुखणं वेगळं होतं आणि ते मी आजच पहिल्यांदा सरळ लिहितेय. माझ्याशी हे कधी वाद घालत नसत. पडद्यांचा रंग, ऋचाचं कॉलेज, माझ्या आईला इकडे आणायचं की नाही, काहीही विचारा. उत्तर एकच: तुझं बरोबर आहे. एकदा, ऋचा पहिलीत जायच्या आधी, भारतात परत जायचं का, हा प्रश्न निघाला. मी आठवडाभर तयारी केली. जायच्या बाजूने बोलायचं ते आणि राहायच्या बाजूने बोलायचं ते, दोन्ही मनात घोळवलं. हे काय म्हणतील, मग मी काय म्हणेन, मग कसे चिडतील. शनिवारी जेवणं झाल्यावर विषय काढला. हे म्हणाले, "तू म्हणशील तसं." झालं. आमच्या अख्ख्या आयुष्याचा प्रश्न ताक प्यायला लागतं तेवढ्या वेळात संपला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेला डावखुरा थोर आहे की नाही, यावर साडेतीन तास.

लोक म्हणायचे, काय भाग्यवान आहेस, शब्दाबाहेर नाही हो नवरा. मी हसायचे. भांडायला माणूस लागतं, आणि माझं माणूस लॉनपलीकडे भांडून दमून यायचं आणि जेवून झोपायचं. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मंडळाच्या गणपतीत एका वर्षी माझं गाणं होतं. तीन नाट्यपदं, सहा महिने रियाज. रविवारी दुपारी दोनला कार्यक्रम. हे म्हणाले, तू पुढे हो, मी ड्राइव्ह करून येतो. त्या दिवशी मॅचसुद्धा नव्हती. नुसता वाद होता. मी तंबोऱ्याला गवसणी घालत होते तेव्हा हे हॉलच्या दारातून आत आले, बाहीला भुसा. माझं गाणं सुरेख झालं होतं. मिरजेच्या बाईचं गाणं काय असतं ते त्या दिवशी इलिनॉयला कळलं होतं. हे म्हणाले, छान झालं ना? मी म्हटलं, वाईट झालं, सूरच लागला नाही. आणि हे म्हणाले, हो, होतं असं कधी कधी. म्हणजे न ऐकलेल्या गाण्यावरही एकमत. गाडीत मी शॉमबर्ग येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. पाटावर यांचा मल्टिमीटर, स्क्रूड्रायव्हरचा सेट, माझी विळी, शिवणाच्या कात्र्या, गाडीच्या किल्ल्या. आणि दर वर्षी डिक्लनची एक काठी. ही काठी त्याने डावखुऱ्याच्या मापाची केली होती. पहिल्यांदा हे ती घेऊन आले तेव्हा, हेही शस्त्रच, म्हणून हसले होते. मग प्रथाच पडली. डिक्लनची तर माझ्यापेक्षा जास्त श्रद्धा बसली होती. काठीवरचं कुंकू तो पुसायचा नाही, आपोआप जाईपर्यंत ठेवायचा, आणि त्या वर्षी त्याची काउंटी एखादी मॅच जिंकली की मला येऊन थँक्यू म्हणायचा.

त्या वर्षी मी पाटासमोर बसले. सगळ्यांना हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला. काठीलाही बोट लावलं, फूल वाहिलं, हात जोडले. आणि मनात म्हटलं, हर मेल्या एकदाचा.

पुढच्या सप्टेंबरात त्यांची काउंटी फायनलला गेली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. तोवर डिक्लनने गराजवर डिश बसवली होती. दोघांनी पहाटेपासून धांदल घातली होती, मला कांदेपोहे करायला लावले होते. मी स्वयंपाकघरात होते. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं, ओरडणं, टाळ्या, टेबल. मग एकदम शांत झालं. मी चहा घेऊन गेले तर दोघं दोन खुर्च्यांवर बसलेले. एका पॉइंटने मागे होते. शेवटच्या मिनिटाला फ्री, म्हणजे न अडवता मारायचा मोकळा फटका मिळाला, डावखुऱ्याने मारला, रोज झोपेत मारेल असा, आणि चेंडू खांबाला लागून मैदानात परत आला. स्क्रीनवर तो गुडघ्यांवर बसला होता. हे हळूच म्हणाले, "वारा होता." नाही म्हणणारा माझा नवरा, आणि पहिलं कारण त्यानेच सांगितलं.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ट्रे ठेवला आणि तशीच घरी परतले. तुम्ही हसाल, मीही दुसऱ्या कुणाचं ऐकलं असतं तर हसले असते. इतक्या लांबचा खांब, आणि शॉमबर्गच्या देवघरातलं माझं एक वाक्य. पण मला ठाऊक होतं ते मीच केलं. पुढच्या खंडेनवमीला मी काठीला दोनदा कुंकू लावलं. काय उपयोग. तो पुन्हा फायनलला गेलाच नाही, आणि चार-पाच वर्षांनी खेळायचा थांबला.

वाटलं, आता तरी वाद संपेल. कसला संपतोय. खेळणारा थांबला तर यांचा आणखी जोर वाढला, आता हिशोब पुरा झाला म्हणून. मग हिरव्या किड्याने आमच्या रस्त्यावरचे ॲश खाल्ले. गावाने एकेका झाडावर रंगाचा ठिपका मारला आणि एका उन्हाळ्यात सगळी कापली. घरांवर एकदम ऊन आलं. डिक्लनने बुंधे मागून घेतले, पण लाकूड आतून पोखरलेलं होतं, काठ्या होईनात. व्हीसीआर कुठल्याशा कपाटात गेला, माझ्या बहिणीची कॅसेट त्याच्यातच राहिली. यांचे केस गेले. ऋचा बॉथेलला नोकरीला गेली. भिंतीवरची पाच नावं डिक्लन दर वर्षी नव्याने गिरवायचा. सहावं वर्तुळही गिरवायचा, रिकामं.

शेवटच्या हिवाळ्यात यांचा पलंग आम्ही खालच्या खोलीत, मागच्या खिडकीपाशी आणला. तिथून गराज दिसायचं. डिक्लन रोज दुपारी बर्फातून काठी टेकत यायचा, बसायचा, आणि दोघं कुजबुजत भांडायचे. मोठ्याने बोलायची यांच्यात ताकद नव्हती, पण मान मात्र नाही म्हणून हलायची. एकदा तो गेल्यावर मी चिडून म्हटलं, "अहो, आता तरी हो म्हणा. किती तंगवायचं त्या म्हाताऱ्याला?"

हे खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "अगं, तो थोरच आहे. ती पहिली कॅसेट लागली ना आपल्याकडे, तू ट्रे घेऊन उभी होतीस, तेव्हापासून. पण त्याला सांगू नकोस. हो म्हटलं की संपलं. मग रविवारी बोलायचं काय?"

मी ट्रे घेऊन उभी होते, हे यांनी पाहिलं होतं. आणि त्याच क्षणी मला जे वाटलं, तेच यांना वाटलं होतं, आणि तीस वर्षं आम्ही एका घरात राहून ते एकमेकांना सांगितलं नाही. माझ्या तोंडावर आलं होतं, की मग माझ्याशीच सगळं पहिल्या वाक्यात का संपवलंत? मला का नाही एकदाही नाही म्हणालात? विचारलं नाही. औषधाची वेळ झाली होती, आणि मग विचारायचं राहूनच गेलं.

परवा गराजमध्ये काही उरलं नव्हतं. भिंतींवर हत्यारांच्या जागी नुसते खिळे. जमिनीवर तेलाचे डाग. एक उलटी बादली, आणि यांची घडीची खुर्ची, पट्ट्या तुटलेली, भिंतीला टेकवून ठेवलेली. आणि तो वास. इतकं सगळं काढून टाकलं तरी जवसाचा वास तसाच होता. मी दारातच थांबले.

डिक्लनने ती काठी माझ्या हातात दिली. ही तुझ्याकडेच राहू दे, म्हणाला. पसरट भागावर लाकडाच्या रेघांत कुंकवाची लाली अजून दिसत होती. मग त्याने शर्टाच्या खिशातून खडू काढला आणि भिंतीकडे बोट केलं. नवीन लोक सोमवारी रंग देणार आहेत. त्याआधी त्याला सहावं नाव लिहायचं होतं. रंगाखाली गेलं तरी चालेल, पण लिहिलेलं असायला हवं. मात्र नियम म्हणजे नियम. दोघांचं एकमत हवं.

"घरी तो तुला काही म्हणाला होता का?" त्याने विचारलं. "शेवटी शेवटी? मला नाही सांगणार तो. पण तुला सांगितलंच असेल."

तुला सांगितलंच असेल. या माणसाला वाटत होतं, की आमच्या घरात बोलणं व्हायचं. मी त्याच्या हातातल्या खडूकडे बघत राहिले. तीस वर्षांत त्या गराजमधली एकच गोष्ट माझ्या वाट्याला आली होती आणि ती याला माहीत नव्हती. ती माझ्या मुठीत होती. दिली असती तर याने नाव लिहिलं असतं, डोळे पुसले असते आणि चँडलरला निघून गेला असता. खोटं कशाला बोलू, मला ती द्यायचीच नव्हती. यांनी सांगू नको म्हटलं होतं म्हणून नाही. ती माझी होती म्हणून.

"नाही," मी म्हटलं. "शेवटपर्यंत नाहीच म्हणाले."

त्याचा चेहरा उतरला. मग हळूहळू त्याचे खांदे हलायला लागले आणि मला वाटलं रडतोय, तर तो हसत होता. हट्टी बोकड, हट्टी बोकड, म्हणत त्याने मांडीवर हात मारला. इतका खूश मी त्याला यांच्या जाण्यानंतर पाहिला नव्हता. हसू ओसरल्यावर त्याने चष्मा पुसला आणि माझ्याकडे पाहिलं.

"आणि तुझं काय?" तो म्हणाला. "तीस वर्षं तू चहा आणलास. तुझं मत काय? आता त्याच्या जागी तुझं मत."

मी भिंतीकडे पाहिलं. दोघांचं एकमत पुरे होतं. मला तो काटकुळा पोरगा दिसला, डाव्या अंगाने पळणारा, काठीवर चेंडू बसलेला. साय धरलेले कप दिसले. मला माहीत होतं. माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. हो म्हणायला मी तोंड उघडलं.

"नाही," मी म्हटलं. "थोर म्हणे. फायनलमध्ये खांबाला लागला त्याचं काय?"

डिक्लनने खडू खिशात ठेवला, बादली ओढली आणि तिच्यावर बसला. वारा होता, म्हणाला. मी म्हटलं, वारा दोन्ही बाजूंना होता. तो म्हणाला, बाकीचे चौदा मरतुकडे होते त्याचं काय. मी म्हटलं, कारणं सांगणाऱ्याचं नाव भिंतीवर लिहीत नाहीत. हे ऐकून तो क्षणभर माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याचा आवाज चढला. मी यांची खुर्ची उघडली आणि बसले. माझाही चढला. पट्टी तुटलेली होती, नीट बसताही येत नव्हतं, तरी उठले नाही. मुळात तो फ्री का मारावा लागला इथपासून त्याने सुरू केलं आणि मी त्याला एकही वाक्य पुरं करू दिलं नाही. मूठ आपटायला टेबल नव्हतं म्हणून मी काठी जमिनीवर आपटली. चिवडा कधी संपला कळलं नाही. बारा वाजून गेले, घरी कुकर लावायचा राहिला.

शेवटी त्याची लेक त्याला न्यायला आली तेव्हा तो उठला. अजून माझं संपलेलं नाही, म्हणाला, रविवारी तिकडून फोन करतो. मी म्हटलं, कर, माझं मत बदलणार नाही. मग त्याने माझा डबा उचलला आणि घोटाळला. बटाट्याचे वाफे कधीच उकरून झाले होते, स्वयंपाकघर खोक्यांत गेलेलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, खिशातला खडू काढून डब्यात टाकला आणि झाकण लावून माझ्या हातात दिला.

काठी काखेत मारून मी गुबगुबीत गवतावरून घरी निघाले. डब्यात खडू खडखडत होता. घसा बसला होता, कान तापले होते आणि अंगात कुठून तरी वीस वर्षांपूर्वीचं बळ आलं होतं. नाही म्हणण्यात इतकी मजा असते, हे मला सत्तराव्या वर्षी कळलं. आणि तीस वर्षं ती मजा त्या दोघांनीच केली, मला नुसता चहा करायला लावला.